घडीचा चाकू आणि चार पाकळ्यांचे वांगे

उधन्याहून जळगावकडे निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगढ मागे टाकून नवापूरला येते. या स्थानकाची गंमत त्या मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. सुमारे 800 मीटर लांबीच्या या स्थानकाचा 300 मीटरचा भाग महाराष्ट्रात आणि उरलेला 500 मीटरचा गुजरातमध्ये आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातमध्ये जायचे. सुरतेत पोटापाण्याला गेलेला खानदेशी माणूस आखाजीला, पोळ्याला, लग्नसराईला याच मार्गाने गावी जातो-येतो. प्रवास काही तासांचा, त्यामुळे शिदोरी सोबत असतेच. भाकरी, ठेचा, काकडी, पेरू, एखादा कांदा. मग कुणाच्या तरी खिशातून बोटभर लांबीचा, पाते मुठीत मिटलेला चाकू निघतो. नखाने पाते उघडायचे, रुमालाला पुसायचे, पेरूच्या चार फोडी करायच्या, वर तिखट-मीठ भुरभुरायचे आणि पाते पुन्हा मिटवून खिशात टाकायचे.

गाडीतले हे काम हा चाकू बिनतक्रार करतो. पण घरी, ओट्यावर, चार माणसांच्या भाजीला तो चालेल का?

सुरतेत हा प्रश्न अगदीच हौशी नाही. लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत मराठी इतकी बोलली जाते की सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू शाळांबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. यंत्रमाग, डाइंग मिल आणि कापडबाजारात काम करणाऱ्या अनेकांचा सुरतेतला पहिला मुक्काम दोन-चार जणांनी मिळून घेतलेल्या खोलीत असतो. तिथे एक शेगडी, एक कढई, एक तवा आणि चिरायला जे हाताला लागेल ते. अशा खोलीत विळी नसते, पोळपाटाचाच चिरायचा पाट होतो. अलीकडे या मंडळींत आणखी एका गटाची भर पडली आहे. सापुताऱ्याला किंवा सह्याद्रीत भटकायला जाणारी, ऑनलाइन मागवलेला परदेशी घडीचा चाकू पिशवीत ठेवणारी तरुण मंडळी. एवढा महागाचा चाकू घेतलाच आहे तर घरीही वापरू, असे त्यांना साहजिकच वाटते.

या प्रश्नाचे उत्तर चाकूपेक्षा चिरण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. भाजी हातात धरून कापायची असेल तर घडीचा चाकू उत्तम. पाटावर ठेवून कापायची असेल तर तो हमखास कुरकुरतो. आपल्याकडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, म्हणूनच कुणी त्याचे कौतुक करतो, तर कुणी दोन दिवसांत कंटाळून तो टाकून देतो.

सुरतेचा सगळ्यात मोठा चिराचिरीचा हंगाम घेऊ. उत्तरायणाच्या आठवड्यात, 14 जानेवारीच्या आसपास, शहरात घराघरांत उंधियू शिजतो. सुरती पापडी, त्यातही कतारगामची नावाजलेली, लहान वांगी, लहान बटाटे, जांभळे कोनफळ, रताळी, सालीसकट केळी, मेथीची मुठिया, आणि या सगळ्यांत भरायला कोथिंबीर, लसणाची हिरवी पात, ओले खोबरे, मिरची यांचे हिरवेगार सारण. एकाच कढईत जाणाऱ्या या जिनसांपैकी प्रत्येकीची कापण्याची रीत निराळी. घडीच्या चाकूची परीक्षा घ्यायला याहून चांगली पदार्थयादी सापडणार नाही.

वांग्यापासून सुरुवात करू. लिंबाएवढे वांगे डाव्या हाताच्या चिमटीत देठाकडून धरायचे. चाकूची धार बुडावर टेकवून देठाच्या दिशेने सरळ आत न्यायची, देठ बोटभर राहिला की थांबायचे. वांगे पाव वळसा फिरवून पुन्हा तसाच दुसरा छेद. चार पाकळ्या सुट्या होतात, पण देठाला धरून राहतात. इथे लांब पात्याचा काही उपयोग नाही, उलट अडचणच. सात-आठ सेंटिमीटरचे अरुंद पाते, टोकाला हलका बाक आणि अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवता येईल अशी मूठ असली की छेद नेमका हवा तिथे थांबतो. बटाट्याचेही तसेच. खानदेशातली भरली वांगी याच हाताने चिरली जातात, सारण तेवढे बदलते: तिथे शेंगदाणे, खोबरे, तीळ आणि काळा मसाला. घडीचा चाकू या कामात घरातल्या कोणत्याही चाकूच्या बरोबरीने उतरतो आणि पुष्कळदा सरसही ठरतो, कारण बाजारातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्वस्त चाकूपेक्षा त्याचे पोलाद चांगले असते.

केळ्याला उभी चीर देणे, मिरचीचे पोट फाडणे, लिंबू कापणे, आल्याची साल खरवडणे, पेरूतला किडका भाग टोकाने कोरून काढणे ही कामे याच जातीची. या सगळ्यांत वस्तू एका हातात, चाकू दुसऱ्या हातात आणि खाली पाट नाही.

पाट आला की चित्र पालटते. कोथिंबीर आणि लसणाची पात बारीक चिरायची तर पात्याची संपूर्ण धार पाटाला टेकायला हवी. घडीच्या चाकूत मूठ आणि पाते साधारण एकाच रेषेत असतात. धार पाटाला लागण्याआधी बोटांची पेरेच पाटावर आपटतात. स्वयंपाकाच्या मोठ्या चाकूचे पाते मुठीपेक्षा खाली उतरलेले असते ते याचसाठी. चाकू उचलला तरी बोटांना जागा उरते. खिशातल्या चाकूला ती उंची देता येत नाही, कारण मग ते रुंद पाते मुठीत मावणार नाही. त्यावर एक उपाय म्हणजे पाटाच्या कडेला येऊन मूठ हवेत ठेवायची आणि पात्याचा पुढचा भाग तेवढा वापरायचा. चार काड्या चिरायला ते जमते, दोन जुड्या चिरायला नाही.

कोनफळ वेगळ्याच कारणाने त्रास देते. साल काढल्यावर त्याचा चीक हाताला लागतो, हात निसरडा होतो, आणि गर टणक असल्याने जोर लावावा लागतो. स्वयंपाकाच्या चाकूला मुठीपाशी टाच असते, बोट पुढे घसरले तर ती अडवते. घडीच्या पुष्कळ चाकूंना ती नसते. शिवाय कोनफळाच्या मोठ्या गड्ड्यापेक्षा पातेच आखूड पडते. मग माणूस चाकू अर्धा आत खुपसून हलवू लागतो. घडीच्या चाकूचे बहुतेक अपघात इथेच होतात. साध्या घडीच्या चाकूत पाते उघडे राहते ते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने. धारेवर जोर दिला की पाते आणखी घट्ट उघडे राहते. पाठीवर जोर आला, किंवा टोक अडकून चाकू वाकडा झाला, की ते मिटते आणि मिटण्याच्या वाटेवर आपलीच बोटे असतात.

हीच गोष्ट भरिताच्या वांग्याची. भाजण्याआधी वाफ बाहेर पडावी म्हणून वांग्याला टोचे मारतात. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे हिरवे भरीत-वांगे असो की सुरतेच्या मंडईतले साधे जांभळे, हे टोचण्याचे काम पाते रोखणारे कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूने करू नये. काटा चमचा घ्यावा, नाहीतर धारेने उथळ चिरा द्याव्यात.

आता गाजर किंवा मुळा घ्या. घडीच्या चाकूने गाजर कापताना अर्ध्यावर खट्‌कन आवाज येतो आणि तुकडा उडतो. धार बोथट आहे असे वाटते, पण दोष धारेचा नसतो, जाडीचा असतो. घरातल्या चांगल्या चाकूचे पाते पाठीकडे सुमारे 2 मिलिमीटर असते आणि धारेकडे येईपर्यंत ते सावकाश पातळ होत जाते. ‘टॅक्टिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घडीच्या चाकूंची पाठ 3 ते 4 मिलिमीटर जाड असते, आणि पाते अरुंद असल्याने ती जाडी धारेच्या अगदी जवळपर्यंत टिकते. असे पाते गाजरात शिरले की ते कापण्याऐवजी पाचरीचे काम करते. दोर, खोका, लाकडाची ढलपी यांसाठी ही जाडी उपयोगी, कारण पाते वाकत नाही. टोमॅटो आणि कांद्यासाठी ती डोकेदुखी. म्हणून स्वयंपाकाच्या दृष्टीने चाकू निवडायचा असेल तर दुकानात धार पाहण्याआधी पाठ पाहावी.

जगातले जे घडीचे चाकू खाण्याच्या कामासाठी नावाजले, ते सगळे पातळ पात्याचे आहेत हा योगायोग नाही. मिटणारे पाते हा शोध जुनाच. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. पण आजचा ओळखीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घडला. फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ प्रदेशात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. 1897 पर्यंत त्याचे 1 ते 12 क्रमांकांचे लहान-मोठे आकार तयार झाले. शेतकरी, गुराखी आणि रेल्वे कामगार तो खिशात ठेवीत आणि त्यानेच पाव आणि चीज कापीत. 1955 मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी धातूची कडी बसवण्यात आली. कडी फिरवली की उघडलेले पाते मिटत नाही. सगळ्यात खपणाऱ्या 8 क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे आपल्या घरातल्या भाजीच्या लहान चाकूएवढेच.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी 1891 मध्ये सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाला दोन गोष्टी उघडायच्या होत्या, नवी रायफल आणि डबाबंद अन्न. त्यामुळे चाकूत पात्याबरोबर पेचकस आणि डबा उघडण्याचे हत्यारही आले. बूच काढण्याचा स्क्रू असलेला अधिकाऱ्यांचा चाकू 1897 मध्ये नोंदवला गेला, आणि आज लाल मुठीचा जो स्विस चाकू जगभर दिसतो त्याचे मूळ तिथे आहे. त्याचेही पाते पातळच, जेमतेम दीड मिलिमीटर. दोन्ही कंपन्यांनी पुढे स्वयंपाकासाठी म्हणून वेगळे घडीचे चाकू काढले. एल्सनर यांच्या व्हिक्टोरिनॉक्सचा 11 सेंटिमीटर पात्याचा मिटणारा भाजीचा चाकू आहे. ओपिनेलच्या प्रवासी संचात दोन चाकू, मिटणारे सोलणे आणि लहानसा पाट एकत्र मिळतो.

आपल्याकडे मात्र घडीच्या चाकूचे नाव वेगळ्याच गोष्टींशी जोडले गेले. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा चाकू हिंदी सिनेमाने देशभर पोहोचवला. 1965 च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग आठवत नाही असा सिनेमावेडा विरळाच. रामपुरीचे पाते 9 ते 12 इंचांपर्यंतचे. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंधने आणली आणि तो धंदा झपाट्याने आटला. 2023 मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे 20 फूट लांबीचा चाकू स्मारकासारखा उभा करण्यात आला. एवढ्या लांबीच्या चाकूने कांदा चिरायचा विचार कुणी केला नसता. तरी या कीर्तीचा परिणाम असा झाला की खिशात चाकू म्हटले की आजही घरातली वडीलधारी माणसे भुवया उंचावतात.

जपानमध्येही काहीसे असेच घडले. मिकी या गावात पत्र्याच्या मुठीचा ‘हिगोनोकामी’ चाकू बनत असे. शाळकरी मुले त्याने पेन्सिलीला टोक काढीत आणि फळे सोलीत. ऑक्टोबर 1960 मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत आखूड तलवारीने हत्या झाली. त्यानंतर मुलांच्या हातातली धारदार वस्तू काढून घेण्याची मोहीम उभी राहिली आणि खिशातला हा गरीब चाकूही तिच्यात सापडला. हत्या तलवारीने, बंदी पेन्सिलीच्या चाकूवर.

गुजरातची स्वतःची परंपरा मात्र घरगुती वळणाची आहे. कच्छमधले अंजार आणि भुजजवळचे रेहा ही गावे सूडी-चप्पूसाठी प्रसिद्ध, म्हणजे अडकित्ते आणि चाकू. जामनगरची सूडीही तितकीच नावाजलेली. पितळी नक्षीच्या मुठीचे हे चाकू फळ कापायला, सुपारी सोलायला वापरले जात. अडकित्ता हे तर खिळीवर फिरणाऱ्या पात्याचेच हत्यार. पुण्यात दिनकर केळकर यांनी जमवलेल्या आणि आता त्यांच्या मुलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे किती तऱ्हेतऱ्हेचे नमुने आहेत ते पाहिले, किंवा अहमदाबादच्या विशालामधले 1981 मध्ये सुरू झालेले भांड्यांचे ‘वेचार’ संग्रहालय पाहिले, की मिटणाऱ्या पात्यावर आपल्या लोकांनी किती जीव लावला होता हे दिसते.

आणि घडीची विळी? मराठी स्वयंपाकघरातले हे सगळ्यात मोठे मिटणारे पाते. लाकडी पाट किंवा लोखंडी पट्टी, तिच्यावर खिळीने बसवलेले बाकदार पाते, टोकाला खोबरे खवायची दातेरी चकती. काम झाले की पाते आडवे पाडून विळी भिंतीशी उभी करायची. घडीच्या चाकूच्या ज्या दोन अडचणी वर सांगितल्या, त्या विळीने केव्हाच सोडवल्या आहेत. पाते आपोआप मिटत नाही, कारण भाजीचा सगळा दाब त्याच्या धारेवर येतो आणि पाट पायाखाली घट्ट धरलेला असतो. बोटे पाटावर आपटण्याचा प्रश्नच नाही, कारण चाकू हलत नाही, भाजी हलते. दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणूनच कोथिंबिरीची जुडी विळीवर मिनिटभरात उतरते आणि घडीच्या चाकूला रडवते. उंधियूसाठी ज्या मराठी घरात विळी आहे तिथे पात आणि कोनफळ विळीकडे जावे, वांगी, बटाटे आणि केळी घडीच्या चाकूकडे. ही कामाची वाटणी झाली की तक्रारीला जागा उरत नाही.

आता साफसफाई. स्वयंपाकाचा चाकू विसळला की झाले. घडीच्या चाकूत पात्याला झोपायला एक खाच असते, आणि कांद्याचा रस, आंब्याचा चीक, टोमॅटोच्या बिया जाऊन बसतात त्या नेमक्या तिथे. पाते ओले असतानाच मिटवले तर ओल आत कोंडली जाते. दोन दिवसांनी उघडले की आंबूस वास येतो, आणि सुरतेच्या पावसाळ्यात गंजही दिसतो. कच्चे मांस किंवा मासे कापल्यावर धोका वाढतो, कारण खाचेत अडकलेल्या कणांवर जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच पाते सॅलडच्या काकडीत जाते. म्हणून कोंबडी आणि मासळीला हा चाकू शक्यतो लावू नये. लावलाच तर पाते पूर्ण उघडून, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन जुन्या दातांच्या ब्रशने खाच घासावी, चाकू झटकून उघडाच वाळू द्यावा आणि खिळीवर तेलाचा थेंब सोडावा. हे तेल खाण्याच्या वस्तूंना चालणारे हवे. शिलाई मशीनचे तेल भाजीच्या चाकूला नको. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेलही नको, कारण ते काही दिवसांत चिकट होते आणि पाते जाम करते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन या कामाला चांगले. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात भिजत ठेवला तर लाकूड फुगते आणि पाते नखाने उघडत नाही. ओपिनेल वापरणाऱ्यांची पावसाळ्यातली ही ठरलेली कुरबुर.

पोलादाचाही विचार हवा. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन आणि सुरेख लागते, पण लिंबू, चिंच, कैरी, कांदा यांच्या रसाने ते काळे-निळे पडते. हा थर अपायकारक नाही, मात्र वांग्याला असे पाते लावले की कापलेला भाग नेहमीपेक्षा जास्त काळवंडतो. वांग्यातली द्रव्ये लोखंडाशी संयोग पावतात म्हणून असे होते. मिठाच्या पाण्यात चिरण्याची आपली पद्धत याला थोडा आळा घालते. रोज आंबट-तुरट चिरणाऱ्यांनी स्टेनलेस पाते घ्यावे.

धारेची गोष्ट निघाली की सुरतेला वगळून चालत नाही. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांपैकी, नगाने मोजले तर, सुमारे 90 टक्के या शहराच्या हातून जातात. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत फिरत्या लोखंडी तबकडीवर हिऱ्याची भुकटी आणि तेल लावून हिरा घासला जातो, कारण हिऱ्याला घासू शकेल असे हिऱ्याशिवाय दुसरे काही नाही. चाकूला धार लावायच्या हल्ली मिळणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरही हिऱ्याचीच बारीक भुकटी चिकटवलेली असते, फक्त ती कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम हिऱ्याची. घडीच्या कठीण पोलादी चाकूला घरच्या घरी धार लावायला अशी तळहाताएवढी पट्टी पुरते. दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंशांचा कोन सांभाळायचा, जोर लावायचा नाही, आणि एका बाजूला जेवढे हात मारले तेवढेच दुसऱ्या बाजूला.

पट्टी नको असेल तर दारावर येणारा माणूस आहेच. गुजरातेत सराणिया समाज पिढ्यान्‌पिढ्या चाकू-सुऱ्यांना धार लावत गावोगाव फिरत आला आहे. महाराष्ट्रात हेच काम शिकलगार करीत आले. सायकलचे पॅडल मारून फिरणाऱ्या दगडावर विळी, कात्री आणि सुरी झटक्यात लखलखते. घडीचा चाकू त्यांच्याकडे देताना एवढे सांगावे की दगड हलका लावा. वेगाने फिरणाऱ्या दगडावर पातळ पाते तापते आणि धारेजवळचे पोलाद मऊ पडते. शिवाय लहानशा पात्यातून दर वेळी जास्त पोलाद गेले तर थोड्या वर्षांत पाते इतके अरुंद होते की मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावते आणि खिशाला भोक पाडते.

कायद्याचा भाग सरळ आहे, पण माहीत हवा. शस्त्र कायदा 1959 मध्ये केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानलेले नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत चाकूंचा जो उल्लेख आहे तो 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांबाबत, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची हत्यारे वगळली आहेत. भाजीचा आठ सेंटिमीटरचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. तरीही घरातला चाकू आणि रस्त्यावरचा चाकू यांत फरक आहे. गुजरात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी सार्वजनिक ठिकाणी चाकूसह हत्यारे बाळगण्यावर बंदी घालू शकतात, आणि सणवार किंवा निवडणुकांच्या सुमारास असे हुकूम निघतात. त्या काळात खिशात चाकू ठेवून बाजारात फिरणे आणि तोच चाकू शिदोरीच्या पिशवीत, पेरूंच्या शेजारी असणे यांकडे पोलीस एकाच नजरेने पाहतीलच असे नाही. पण बंदीच्या हुकुमात पेरूंची सवलत लिहिलेली नसते. खटका दाबताच पाते उसळून बाहेर येणारा चाकू तर अशा वेळी घेऊन फिरूच नये. स्वयंपाकाला त्या खटक्याचा काडीचा उपयोग नाही.

घ्यायचाच असेल तर माप असे: पाते 7 ते 9 सेंटिमीटर, पाठ 2 मिलिमीटरच्या आत, पाते उघडे रोखून धरणारी कडी किंवा कुलूप, मूठ ओल्या हातातही न सरकणारी, आणि आतली खाच दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणजे नळाखाली धरली की पाणी आरपार जाईल. काळ्या रंगाचा लेप, अर्धी दातेरी धार आणि पात्यावरची भोके यांना जादा पैसे मोजू नयेत. दातेरी भाग पाव कापतो, पण पेरूची फोड फाटते, आणि घरच्या पट्टीवर त्याला धार लावता येत नाही. दुकानात पाच-सहा वेळा पाते उघडून-मिटवून पाहावे. एका हाताने झटक्यात उघडते की नाही याला भाजी चिरताना महत्त्व नाही, उघडल्यावर ते डावी-उजवीकडे हलते का याला आहे. आणि हा चाकू घेऊन सुरतेहून विमानाने निघालात तर तो सामानात द्यायच्या बॅगेत भरा. हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीवरचा जवान तो काढून ठेवायला सांगेल, मग तो कितीही महागाचा असो.